कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

चालता चालता कॉम्प्युटर बंद पडतो, आपोआप रीस्टार्ट होतो, किंवा निळी स्क्रीन दाखवून थांबतो. दुकानात नेला की पहिलं उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: "विंडोज मारून देतो." विंडोज नव्याने टाकल्यावर थोडे दिवस बरे जातात आणि मग पुन्हा तेच. पुढच्या खेपेला "रॅम बदलू", त्यापुढच्या खेपेला "मदरबोर्ड गेलाय". पैसे जातात आणि दुखणं तिथेच राहतं.

हा लेख ठाणे किंवा नवी मुंबईत घरी अथवा छोट्या ऑफिसात डेस्कटॉप वापरणाऱ्यांसाठी आहे. कॅबिनेट आजवर कधी उघडला नसेल तरी चालेल. हार्डवेअरचा दोष शोधायला फार ज्ञान लागत नाही, शिस्त लागते. मशीन कधी बंद पडतं ते लिहून ठेवायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रॅम काढली, ड्रायव्हर (एखादा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) बदलला आणि प्लगही दुसरीकडे लावला, असं एकाच संध्याकाळी केलंत तर मशीन सुरळीत झालं तरी कशामुळे झालं हे कधीच कळणार नाही.

आधी डेटा, मग स्क्रू-ड्रायव्हर

फोटो, हिशेबाच्या फाइल्स, मुलांचे प्रोजेक्ट, म्हणजे गेलं तर परत मिळणार नाही असं सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. रॅम खराब असेल तर कॉपी होता होता फाइलही बिघडू शकते. म्हणून जुन्या बॅकअपवर नवा चढवू नका, वेगळं फोल्डर करा आणि महत्त्वाच्या काही फाइल्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा.

आणखी एक गोष्ट आत्ताच करा. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच मशीनमध्ये डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते. पुढे बायोस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केला किंवा मदरबोर्ड बदलला की ती ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ही की सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर असते. शोधून कागदावर उतरवून ठेवा. की हरवली तर दुकानदारालाही तुमचा डेटा काढता येणार नाही.

आता एक वही घ्या. मशीन बंद पडलं की तारीख, वेळ, त्या क्षणी काय चालू होतं आणि मशीन कसं बंद पडलं ते लिहा. खटकन वीज गेल्यासारखं, निळी स्क्रीन येऊन, की चित्र आहे तिथे गोठून? हे तीन प्रकार वेगळ्या दिशेला बोट दाखवतात. खटकन बंद म्हणजे बहुधा वीज, एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) किंवा उष्णता. निळी स्क्रीन म्हणजे रॅम, डिस्क, प्रोसेसर किंवा ड्रायव्हर. गोठणं यातल्या कशामुळेही होतं, पण माऊस हलतोय आणि डिस्कचा दिवा सतत पेटलेला आहे, असं असेल तर आधी डिस्क बघा. त्या वेळी घरात दुसरं काय चालू झालं तेही लिहा: एसी, गीझर, मिक्सर, पाण्याचा पंप.

भिंतीतली वीज

बहुतेक मार्गदर्शक रॅमपासून सुरुवात करतात. मी भिंतीतल्या सॉकेटपासून करायला सांगतो, कारण इथे खर्च सगळ्यात कमी आणि दोष सापडण्याची शक्यता भरपूर.

नौपाड्यात लग्नपत्रिकांचं डीटीपी करणाऱ्या एका काकांचं मशीन मी पाहिलं आहे. प्रिंट दिली की रीस्टार्ट व्हायचं, पण प्रत्येक प्रिंटला नाही. त्यामुळे कुणी ड्रायव्हर म्हणे, कुणी व्हायरस. वहीत नोंदी साठल्यावर दिसलं की सकाळची पहिली प्रिंट किंवा जेवणानंतरची पहिली प्रिंट दिली तरच हे होतं. प्रिंटर लेझरचा होता. लेझर प्रिंटरमध्ये टोनरची पूड कागदावर पक्की करायला हीटर असतो, आणि तो थंड असताना चालू झाला की क्षणभर बराच करंट ओढतो. प्रिंटर आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर होते. बोर्ड उलटा केला तर एका सॉकेटची आतली पट्टी सैल होऊन काळी पडली होती. हीटर चालू झाला की व्होल्टेज खाली यायचं आणि कॉम्प्युटर दम तोडायचा. प्रिंटरला भिंतीवरचा स्वतंत्र सॉकेट दिला, बोर्ड बदलला, काम झालं. विंडोज तोवर दोनदा मारून झालं होतं.

तेव्हा पहिली पायरी ही: कॉम्प्युटरचा प्लग एक्स्टेन्शनमधून काढून थेट भिंतीत, शक्यतो दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटमध्ये लावून काही दिवस चालवा. एसएमपीएसच्या मागची पॉवर केबल सैल बसत असेल तर तीही बदला.

दुसरी पायरी अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात का? स्क्रूला टेस्टर लावला तर मंद पेटतो का? मग त्या सॉकेटचं अर्थिंग तुटलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. एसएमपीएसमध्ये विजेतला "नॉइज" गाळणारे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसलं की पत्र्यावर २३० व्होल्टच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज येऊन बसतं. करंट अगदी थोडा असतो, तरी यूएसबीवर लावलेली उपकरणं विचित्र वागू शकतात आणि माणसाच्या सुरक्षेसाठीही हे बरं नाही. जुन्या इमारतींत तीन पिनांच्या सॉकेटमागे अर्थची वायर जोडलेलीच नसते असं आढळतं. इथे वायरमनलाच बोलवा, स्वतः बोर्ड उघडू नका.

फक्त एका खोलीतले दिवे मिणमिणत असतील तर वायरमन, सगळ्या घरातले किंवा सगळ्या मजल्यावरचे असतील तर वीज कंपनीकडे तक्रार. ठाणे-नवी मुंबईत बहुतेक ठिकाणी ती महावितरण, कळवा-मुंब्रा-शिळ भागात टोरंट पॉवर.

तिसरी गोष्ट इन्व्हर्टरची. घरच्या इन्व्हर्टरला मागे सहसा एक स्विच असतो, एका बाजूला यूपीएस मोड आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा वाइड मोड. वाइड मोडवर लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला जास्त वेळ लागतो. पंख्याला ते कळतही नाही, पण एसएमपीएस पूर्ण लोडवर वीज नसताना साधारण १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो. पावसाळ्यात वीज क्षणभर जाऊन येते तेव्हा मशीन रीस्टार्ट होत असेल तर स्विच यूपीएस मोडवर टाका. कॉम्प्युटरचा स्वतंत्र यूपीएस असेल तर त्याचं वय बघा. त्यातली बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, आणि थकलेला यूपीएस लाइट गेल्याबरोबर मशीनसकट बसतो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो, हेही ध्यानात असू द्या. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीच लावू नका.

विंडोज स्वतः काय नोंदवतं

स्टार्ट मेन्यूत "रिलायबिलिटी हिस्टरी" शोधा. दिवसवार तक्ता दिसेल आणि लाल फुल्या कधीपासून सुरू झाल्या ते कळेल. त्याच्या आदल्या दिवशी काही नवं बसवलं होतं का, ते आठवा.

नंतर "इव्हेंट व्ह्यूअर" उघडून विंडोज लॉग्जमधलं सिस्टम बघा. तिथे "कर्नेल-पॉवर ४१" अशी नोंद जवळपास प्रत्येकाला दिसते आणि बरेच जण त्यावरून एसएमपीएस गेला असं ठरवतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाऊन न होता बंद झालं. कारण त्यात नसतं. नोंदीच्या तपशिलात बगचेक कोड (निळ्या स्क्रीनचा क्रमांक) शून्य असेल तर विंडोजला निळी स्क्रीन लिहायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे वीज तुटली किंवा मशीन पार गोठलं. "डब्ल्यूएचईए-लॉगर" नावाची नोंद मात्र गंभीरपणे घ्या. ती प्रोसेसर किंवा इतर हार्डवेअरने स्वतः कळवलेली चूक असते.

निळी स्क्रीन वाचायच्या आत जात असेल तर ॲडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्जमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरी उघडा आणि "ऑटोमॅटिकली रीस्टार्ट" समोरची टिक काढा. मग स्क्रीन थांबेल आणि मोबाइलवर फोटो काढता येईल. नव्या विंडोज ११मध्ये हीच स्क्रीन काळी दिसते. दर वेळी एकाच फाइलचं नाव येत असेल तर आधी त्या ड्रायव्हरवर संशय घ्या. दर वेळी नाव वेगळं, आज मेमरी मॅनेजमेंट, उद्या पेज फॉल्ट, परवा आणखी काही, तर माझा पहिला संशय रॅमवर जातो.

धूळ आणि उष्णता

दुपारी बंद पडतं आणि रात्री बारापर्यंत सुरळीत चालतं? एप्रिल-मे महिन्यांत वाढतं? घोडबंदर रोडला किंवा जिथे बांधकाम चालू आहे अशा कुठल्याही भागात राहत असाल तर कॅबिनेटमध्ये सिमेंटची बारीक धूळ साठलेली सापडेलच.

एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाकून प्रोसेसरचं तापमान बघा. काम चालू असताना ७०-८० अंश ठीक आहे. बहुतेक आधुनिक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोहोचले की ते आधी वेग कमी करतात आणि तरीही तापले तर मशीन बंद करतात. साध्या कामातही तापमान मर्यादेला टेकत असेल तर उत्तर मिळालंच.

साफसफाईसाठी मेन स्विच बंद करा, प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला चार्ज जाईल, आणि आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या पत्र्याला स्पर्श करा. बाल्कनीत नेऊन ब्लोअर मारा, पण पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेने पंखा सुसाट फिरला तर बेअरिंग बिघडतं. ओलं फडकं अजिबात नको.

मशीन काही वर्षं जुनं असेल तर प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली, उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट वाळलेली असते. कूलर काढून जुनी पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा आणि वाटाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवा. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या मशीनमध्ये खास जपा. तिथे वाळलेली पेस्ट इतकी चिकटते की कूलर सरळ ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी मशीन थोडा वेळ चालवून गरम करा, मग बंद करून कूलर डावीकडे-उजवीकडे हळू पिळत सोडवा.

रॅम

नवशिक्याने मनापासून करावी अशी तपासणी ही. पैसे लागत नाहीत आणि उत्तर स्पष्ट मिळतं.

विंडोजमध्ये "विंडोज मेमरी डायग्नोस्टिक" आहे, पण बारीक दोष त्याच्या नजरेतून सुटतात. मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर टाका, त्यावरून मशीन सुरू करा आणि रात्रभर चालू ठेवा. सकाळी एक जरी चूक दिसली तर रॅम संशयित. "एकच एरर आहे, चालेल" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, इथे स्वीकारार्ह आकडा शून्यच.

एरर आली म्हणून लगेच नवी रॅम आणायची नाही. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद करा. हे रॅमला तिच्या मूळ वेगापेक्षा जास्त वेगाने पळवणारं सेटिंग आहे. बंद केल्यावर चाचणी स्वच्छ गेली तर तसंच वापरा आणि वॉरंटी असेल तर क्लेम करा. तरीही एरर येत असेल तर रॅमच्या पट्ट्या काढून एकेक करून तपासा. मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये एका पट्टीसाठी कुठला स्लॉट ते दिलेलं असतं. पहिली पट्टी नापास, दुसरी पास, म्हणजे पहिली खराब. दोन्ही एका स्लॉटमध्ये पास आणि दुसऱ्यात नापास, म्हणजे स्लॉट खराब. दोन्ही एकेकट्या पास, पण एकत्र नापास? जोडी जुळत नाही. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कंपनीच्या घेतलेल्या पट्ट्यांत हे घडतं.

डीडीआर५ (नव्या पिढीची रॅम) असलेल्या मशीनमध्ये रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते. मशीन रॅमशी जुळवून घेत असतं. घाबरून मधेच प्लग काढू नका.

आता खोडरबर. रॅमच्या सोनेरी कडा खोडरबरने घासणं हा आपल्याकडचा जुना उपाय आहे आणि तो पुष्कळदा लागूही पडतो. ऐरोली, वाशी, कोपरी अशा खाडीकाठच्या भागांत, विशेषतः पावसाळ्यात बराच काळ बंद राहिलेल्या मशीनमध्ये, संपर्क मळतात. सोन्याचा मुलामा मात्र अतिशय पातळ असतो. त्यामुळे मऊ पांढरा खोडरबर, हलका हात, आणि नंतर स्लॉटमध्ये कचरा जाणार नाही अशी काळजी. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड त्याहून बरं. पट्टी परत बसवताना दोन्ही टोकं घट्ट बसली का ते बघा. अर्धवट बसलेली रॅम हेसुद्धा क्रॅशचं नेहमीचं कारण आहे.

एसएमपीएस

गेम, व्हिडिओ रेंडर किंवा मोठी फाइल एक्स्पोर्ट करताना खटकन बंद, आणि तापमान मर्यादेत, तर एसएमपीएस बघा. कॅबिनेटबरोबर मिळालेला असेल तर आणखी नीट बघा. त्यावरच्या स्टिकरवर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलेलं असतं, पण वाचायचा आकडा १२ व्होल्टच्या रकान्यातला असतो. समजा तिथे १८ अँपिअर लिहिलं आहे. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात, त्यामुळे खरी ताकद एवढीच.

मल्टिमीटर वापरता येत असेल तर लोडवर १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या आत हवी. सॉफ्टवेअरमधल्या व्होल्टेजच्या आकड्यांवर विसंबू नका. पिनने दोन वायरी जोडून पंखा फिरवून दाखवतात, त्यावरून फक्त तो जिवंत आहे एवढंच कळतं, लोड पेलतो का ते कळत नाही. खात्रीचा मार्ग म्हणजे मित्राच्या किंवा ऑफिसच्या मशीनमधला चांगला एसएमपीएस काही दिवस लावून बघणं. मॉड्युलर (केबल्स सुट्या होणारा) असेल तर केबल्ससुद्धा त्याच्याच वापरा. पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते आणि चुकीच्या केबलने डिस्क जळतात.

एसएमपीएस उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर चार्ज टिकून राहू शकतो. हा जिवाशी खेळ आहे.

डिस्क, ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर

डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो टाका. "गुड" ऐवजी "कॉशन" किंवा "बॅड" दिसलं तर त्याच दिवशी डेटा हलवा आणि डिस्क बदला. सीआरसी एररचा (डेटा पोहोचताना होणाऱ्या चुकांचा) आकडा वाढत असेल तर मात्र डिस्कऐवजी तिला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल बदलून बघा.

ग्राफिक्स कार्डाचा दोष स्क्रीनवर दिसतो: रंगीत चौकटी, रेघा, क्षणभर काळोख. प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून, मॉनिटर मदरबोर्डला जोडून काही दिवस चालवा. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी "एफ" असेल तर त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं, हे आधी बघा.

इंटेलच्या १३व्या किंवा १४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल, विशेषतः आय७ किंवा आय९, तर हे वाचाच. या प्रोसेसरांत वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे कायमची झीज होऊन क्रॅश होत असल्याचं इंटेलने २०२४मध्ये मान्य केलं. ऑगस्ट-सप्टेंबर २०२४मध्ये त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) दिला आणि बॉक्समधल्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मायक्रोकोड मदरबोर्ड कंपनीच्या बायोस अपडेटमधून येतो. तो पुढची झीज रोखतो, झालेली भरून काढत नाही. त्यामुळे अपडेटनंतरही क्रॅश होत असेल तर प्रोसेसर बदलून मागा. बायोस अपडेट करताना मशीन यूपीएसवर हवं. मधेच लाइट गेली तर मदरबोर्ड बंद पडू शकतो.

लॅपटॉपबद्दल थोडक्यात: धूळ, तापमान, रॅमची चाचणी आणि डिस्क हे सगळं तिथेही लागू आहे. पण टचपॅड वर आलेला किंवा तळ फुगलेला दिसला तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग तिथेच थांबवा, दाबू नका, टोचू नका, सर्व्हिस सेंटरला न्या.

दुकानात जायची वेळ आली तर

वही, निळ्या स्क्रीनचे फोटो आणि मेमटेस्टचा निकाल बरोबर न्या. "भाऊ, रॅम रात्रभर तपासली आहे, एसएमपीएस बदलून बघा" असं सांगितलं की बोलणंच बदलतं. जुने सुटे भाग परत मागून घ्या. डिस्क खराब नसेल तर काढून घरी ठेवा, रॅम किंवा एसएमपीएस तपासायला तिची गरज नाही.

सुटा भाग घ्यायचा तर ठाणे स्टेशनच्या आसपास किंवा वाशीत मिळतो. जास्त पर्याय हवे असतील तर ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा आणि लॅमिंग्टन रोड गाठा. कुठेही घ्या, जीएसटीचं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. रॅमवर बहुतेक कंपन्या बरीच वर्षं वॉरंटी देतात आणि बिल नाही म्हणून ती वाया जाते. वॉरंटीत असूनही कुणी टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

नवा भाग बसवल्यावर ज्या परिस्थितीत मशीन बंद पडायचं तीच पुन्हा तयार करा: दुपारची वेळ, तोच गेम, एसी चालू, थंड प्रिंटरवर पहिली प्रिंट. दोनेक आठवडे वहीत नवी नोंद आली नाही, की जुना भाग ई-कचऱ्यात द्या.